घट्ट आसा

विनीतच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा गंगुबाईने चहाचं आधण ठेवलेलंच होतं. मुलगा आता बाहेर येणार हे तिला ठाऊक होतं. त्याचं नेट तिनेच मंद केलं होतं.

"गेलं परत," विनीत म्हणाला. "वायर लावून पण रडतंय. काल माणूस येऊन नवी वायर टाकून गेला, तरी तेच."

लालबागच्या टॉवरमधल्या त्या घरात नेटचे दोन पांढरे डबे होते. एक हॉलमध्ये देव्हाऱ्याला चिकटून, कारण प्लग तिथेच होता. दुसरा विनीतच्या टेबलावर. एकातून दुसऱ्यात वायर गेली होती. ती निघाली तरी नेट बंद पडत नसे; डबे हवेतून, भिंतीआडून एकमेकांशी बोलत राहत, पण अडखळत. ही गोष्ट गंगुबाईला देव्हारा पुसताना कळली. तिच्या हाताने चुकून वायरची पिन हलली आणि थोड्याच वेळात मुलगा वैतागून बाहेर आला, हॉलमध्ये उभा राहिला आणि चहा पिऊन गेला. तेव्हापासून ती अधूनमधून पिन जराशी ओढून ठेवी. नोकरी जाईल इतकं काही तिला करायचं नव्हतं. तो बाहेर यायला हवा होता, एवढंच.

चाळीत दुपारचं दार लावलं तर शेजारीण विचारायला यायची, कोणाला बरं नाही काय? इथे बाविसाव्या मजल्यावर सगळ्यांचीच दारं लावलेली. त्यात घराच्या आत आणखी एक.

"आई, तिकडची पिन घट्ट आहे का बघ."

"तूच बघ. आंघोळ केलंस?"

विनीत जागच्या जागी थांबला. घरून काम करणारा माणूस दुपारपर्यंत पारोसाच असतो, आणि पारोशाने देवाकडे हात घालायचा नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं. एवढा इंजिनीअर, पण लांबूनच डब्याचा दिवा पेटलेला बघायचा आणि मागे फिरायचा.

"तू बघ ना."

गंगुबाईने मान वाकवून बघितल्यासारखं केलं. "घट्ट आसा."

"म्हणजे भिंतीतच कुठेतरी लोचा आहे." तो खुर्चीत टेकला. तिने चहा दिला, गावच्या जत्रेतल्या खाज्याची पिशवी पुढे केली. भाचीला, मनवाला, स्थळ आलंय, मुलगा पोस्टात आहे, सगळं सांगितलं. विनीतने दोनदा हुंकार भरला. दोन हुंकारांवर गंगुबाईचा एक दिवस जात असे. फार हावरट नव्हती बाई.

"आता कंटाळा आला," विनीत म्हणाला. "उद्यापासून ऑफिसलाच जातो. मॅनेजर पण बोलली, घरचं नेट धड नसेल तर ये ऐरोलीला."

"रोज?"

"रोज. सकाळी निघायचं ते रात्री यायचं. तुला पण बरं, माझी कटकट नाही."

गंगुबाईने देव्हाऱ्याकडे बघितलं. दाराआड का होईना, पोरगा घरात होता. त्याची खुर्ची करकरायची, खोकला ऐकू यायचा, मध्येच कोणावर तरी चिडायचा. उद्यापासून तेही नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

"थांब," ती म्हणाली. "गाऱ्हाणा घालतंय."

"राउटरला?"

"देवाक. तुझो डबो मधी इलो तर इलो."

तिने पदर खोचला आणि देव्हाऱ्यासमोर हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाच्या नेटाक कोणाची नजर लागली आसात, कोणाच्या हातून काय चूक झाली आसात, तर ती पोटात घाल रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" विनीत मोठ्याने ओरडला. गावाला वर्षातून एकदा जाणाऱ्यालाही हे उत्तर शिकवावं लागत नाही. तो हसत होता.

"आणि त्याका घरातच ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

नमस्काराला वाकता वाकता तिने अंगठ्याने पिन आत दाबली. कट् असा बारीक आवाज झाला. तो विनीतच्या हसण्यात बुडून गेला.

खोलीत जाऊन त्याने बघितलं आणि तिथूनच आरोळी ठोकली. "आई! फुल स्पीड आहे! काय केलंस काय?"

"मी काय करतलंय? देवान केल्यान."

"मग ऑफिस कॅन्सल!"

आणि दार लागलं.

गंगुबाई तिथेच उभी राहिली. पुन्हा त्या पिनला बोट लावायचं नाही, असं तिने देवासमोर ठरवलं. एकदा निभावलं, दर वेळी थोडंच निभावणार. तिला हायसं वाटलं आणि लगेच रडूही आलं. तिने कप विसळले, ओटा पुसला. विनीत खाज्याची पिशवी तशीच टाकून गेला होता. ती द्यावी म्हणून ती त्याच्या दाराशी गेली आणि कडीला हात लावता लावता थांबली.

आतून ऑफिसातल्या कोणा मुलीचा आवाज येत होता. एकदाही न अडकता, शेजारी बसून बोलावं तसा.

"आता मस्त येतोय तुझा आवाज. मघाशी मागे केवढा आरडाओरडा चालला होता! घरी कोणी आलंय का?"

"नाही गं," विनीत म्हणाला. "कोणी नाही. आई आहे."