वरच्या ओळीपर्यंत

"आधी ते भोंगे उतरवा," मर्ल ट्वेट म्हणाला. "माझ्या पथकाला विजेवर गायची गरज नाही."

केंड्रा पोलमन ट्रकच्या फळीवर उभी होती, खांद्यावर वायरीचं भेंडोळं. ढोल-बिगुलांच्या या पथकाला संगीत शिकवायला ती याच उन्हाळ्यात आली होती. मैदानावर पोरंपोरी घामाघूम होऊन पाणी पीत होती. बिगुल गवतावर ओळीने ठेवलेले, ढोलवाले पट्टे सैल करून बसलेले.

"मर्ल, नियम बदललाय आता. माइकला परवानगी आहे."

"माहीत आहे. माझा हात विरोधात वर होता."

तो दरवर्षीच वर व्हायचा. हिवाळ्यात सगळ्या पथकांच्या प्रमुखांची बैठक भरे. कोणीतरी माइकचा विषय काढी, आणि मर्ल उठून तेच बोले: बिगुल फुंकायला छाती लागते, गायलाही छातीच लागते, वायर लावली की पथक संपलं, उरला तो नुसता गोंगाट. टाळ्या पडत. यंदा टाळ्या पडल्या, पण हात कमी पडले.

खरं तर त्याला जपायचं होतं ते एकच गाणं. मैदानावरच्या संचलनाच्या शेवटी पथक जागच्या जागी थांबे. ढोल गप्प होत. पोरं बिगुल खाली घेत आणि नुसत्या गळ्याने गात. शब्द मर्लचे होते. विस्कॉन्सिनमधल्या एका लांबलेल्या हिवाळ्यात, रस्ते बर्फाने बंद असताना, त्याने ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिले होते. त्याआधी किंवा त्यानंतर त्याने कधी एक ओळ लिहिली नाही. मनातलं बोलून दाखवणं त्याच्या घराण्यातच नव्हतं. त्याच्या बापाने आईशी गाईगुरं आणि हवामान यांपलीकडे काही बोलल्याचं कुणाच्या कानावर नव्हतं. म्हणून जे सांगायचं होतं ते मर्लने पोरांच्या तोंडून सांगितलं.

गाणं पहिल्यांदा मैदानावर झालं तेव्हा तो प्रेक्षकांच्या बाकांमधल्या पायऱ्या चढून, धापा टाकत बायकोजवळ गेला होता. राग्ना सगळ्यात वरच्या ओळीत बसायची. तिथून पथकाच्या सगळ्या आकृत्या दिसतात, म्हणायची.

"छान झालं," ती म्हणाली. "चल, सँडविचं बसमध्ये राहिलीयत. उन्हाने खराब होतील."

एवढंच. मर्लने घरी पोचेपर्यंत वाट पाहिली, पुढे आठवडाभर पाहिली. मग विषय मिटवून टाकला. आवडलं नसेल तिला. चारचौघांत लाज वाटली असेल. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला. भांडण नाही, तंटा नाही. जेवताना दोघांच्या मधे टीव्ही मोठ्याने चालू असे, बस. गाणं मात्र त्याने काढलं नाही. पोरं बदलली, गणवेश बदलला, ते तेवढं राहिलं.

"शब्द वरपर्यंत पोचत नाहीत, मर्ल," केंड्रा म्हणाली. "मी स्वतः वर बसून ऐकलंय. नुसती गुणगुण येते."

"माझी बायको वर्षानुवर्षं वरच बसत आलीय. एकदाही तक्रार केली नाही तिने."

"मग त्यांनाच विचारू या. एकदा माइकशिवाय, एकदा माइक लावून. त्या म्हणतील ते खरं."

राग्ना आत्ताही वरच होती, डोक्याला रुमाल बांधून, कुणाचा तरी उसवलेला हातमोजा शिवत. मर्ल हसला. "चल. होऊन जाऊ दे."

पोरं उठली. "मिसेस टी. निकाल देणार म्हणे," एक ढोलवाला म्हणाला. "म्हणजे आपलं नशीब त्यांच्या हातात!"

"जेवण रोज त्यांच्याच हातात असतं," शेजारची बिगुलवाली म्हणाली. "नशीब काय वेगळं असतं होय?"

आधी पोरं नुसत्या गळ्याने गायली. वारा होता, तरी छाती भरून गायली. गाणं संपून दोन क्षण गेले. मग राग्नाने शिवणावरून मान वर केली, पोरं थांबलेली पाहिली आणि हात उंच करून हलवला. "छान!"

"झालं समाधान?" मर्ल म्हणाला.

केंड्राने पुढच्या ओळीसमोर माइक सरकवले आणि बटण दाबलं.

पोरांनी पुन्हा सूर धरला. या वेळी तो आवाज बाकांवरून चढत चढत थेट वरच्या भिंतीला जाऊन भिडला. राग्नाच्या हातातलं शिवण खाली पडलं. ती उभी राहिली. गाणं अजून चालू होतं, तोच ती कठडा धरून, दुखरा गुडघा सांभाळत, आडवी पावलं टाकत खाली उतरू लागली.

"बघ, कान फाटले बिचारीचे," मर्ल म्हणाला. "आता तूच ऐक ती काय म्हणते ते."

ती मैदानावर येईपर्यंत गाणं संपलं होतं. केंड्राकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पोरांच्या समोरून ती सरळ मर्लपाशी आली. तिचा चेहरा ओला होता. ती त्याच्या अगदी जवळ उभी राहिली आणि त्याच्या ओठांकडे पाहू लागली. समोरचा बोलताना ती नेहमी त्याच्या ओठांकडेच पाहते, हे मर्लच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ध्यानात आलं.

"मर्ल," ती म्हणाली, "ही पोरं माझं नाव कधीपासून गातायत?"