दंडारीतली राणी

"मोठेबाबा, दंडारीतली राणी लयच आवडली का तुमाले?" मैत्रिणी म्हणाल्या होत्या विचारून दाखव, म्हणून घरात सगळे जेवत असताना विचारलंच.

कोरोनामुळे यंदा आमच्या फुलसावंगीची दंडार, गावकऱ्यांचं गाण्या-नाचाचं नाटक, मोबाइलवर झाली. राणी करणारा माणूस पुण्यात अडकला, म्हणून माझे बाबाच साडी नेसून गायले. घुंगटात कोणाला ओळखूच आले नाहीत.

"पोरीनं गाऊ नये, लोकांच्या नजरा वंगाळ असतात," म्हणून मला राणी होऊ न देणारे हेच मोठेबाबा. आणि राणीच्या व्हिडिओखाली सगळ्यात घाणेरडी कमेंट यांचीच, नावासकट.

ते मिशीत हसले. "कोणाची बाई होती वं थे?"

"तुमचा लहाना भाऊ."

 

"आई, थे साडी गरम पाण्यात धुऊन ठेव. बाबा, पुढच्या दंडारीत राणी मी होईन."