हिरवा पेला, मागून लाल

सेनिला पेल्यात गेली. तसं काही झालंच नाही, असं तिचा नवरा वेरेकुंदूस शेजाऱ्यांना सांगतो.

कोलोनिया या रोमन शहरात काच कोरणारे पुष्कळ, पण वेरेकुंदूसचा हात कुणाला नाही. जाड काच घासून घासून त्याने द्राक्षवेल अशी सोडवली, की ती पेल्याला केसाएवढ्या टेकूंवर धरून होती. समोरून उजेड पडला की पेला हिरवा, मागून पडला की लालभडक.

परवा तो लाल झाला आणि वेलीत एक बाई दिसली.

"अहो, नाक माझंच ना? जरा सरळ तरी कोरायचं!" सेनिला म्हणाली.

"अगं, मी बाई कोरलीच नाही."

काल ऊन पुन्हा मागून आलं. सेनिलाचं घासायचं चाक फिरत होतं, चाकापाशी कुणी नव्हतं. ढग आला, पेला हिरवा झाला, तर सेनिला जागेवरच.

"पाणी टाका की! चाक तापलंय."

तिच्या केसांत द्राक्षाचं पान होतं. काचेचं.

आज सकाळी प्रांताधिकाऱ्याची माणसं मेजवानीसाठी पेला घेऊन गेली. वेरेकुंदूसने लगोलग अर्ज धाडला: 'पेल्यामागे दिवा ठेवू नये, आणि सूर्यासही तशी लेखी ताकीद देण्यात यावी, ही नम्र विनंती.'