पूजेतला पेचकस

आप्पासाहेबांनी हार घातलेल्या गाडीच्या बॉनेटवर पेटती उदबत्ती खोचली, तशी शालनबाईंनी ती हिसकावून तुळशीत नेऊन रोवली.

"अहो, पेट्रोलचा भपकारा येतोय. नातवंडांना घेऊन या गाडीत बसायचंय, की गाडीसकट स्वर्गात जायचंय?"

"नजर लागलीय गाडीला, दुसरं काय!"

हा गृहस्थ दाढ दुखली तरी दृष्टच काढणार. काल वास आला तेव्हा त्यांनी गाडीत अत्तराची अख्खी बाटली ओतली होती. गल्लीतल्या मधमाश्या डिकीत पोळं बांधायला आल्या, पण पेट्रोलचा वास काही हटला नाही.

शालनबाईंनी बॉनेट उघडून पेट्रोलच्या नळीवरून फडकं फिरवलं. टोकाशी ते ओलं झालं. नळी उंदरानं कुरतडली होती. माहेरी विहिरीवरचं इंजिन सांभाळलेली बाई ती. तडक देवघरात गेली आणि खंडेनवमीच्या पूजेत मांडलेला पेचकस उचलून आली.

"अगं, पूजेतलं हत्यार आज वापरत नाहीत! देव कोपेल!"

"कोपला तर तुमच्यावर कोपेल. त्याला माणसं कळतात."

पेचकसानं क्लिप सैल करून, कुरतडलेलं टोक सुरीनं कापून त्यांनी नळी पुन्हा चढवली, क्लिप आवळली. इंजिन सुरू करून फडकं फिरवलं, तर कोरडं ठणठणीत.

वास पार उडाल्यावर त्यांनी निरांजन लावलं. आप्पासाहेब टिळ्यासाठी कपाळ पुढे करून ऐटीत उभे राहिले. शालनबाईंनी पेचकसाला कुंकू लावलं, गाडीला लावलं आणि बोट पदराला पुसलं.