एकसष्ट बिल्ल्यांचा तोटा

आण्णांनी पितळी बिल्ले तिसऱ्यांदा तालमीतल्या सतरंजीवर ओतले आणि तिसऱ्यांदाही ते एकोणचाळीसच भरले. तांबटाकडून पाडून घेतलेले शंभर. म्हणजे एकसष्टांचा तोटा, आणि दहा वाजता तालमीची वार्षिक सभा.

समोरच्या घरातून बायकोनं, चिमणाबाईंनी, पाठवलेल्या चहावर साय धरली होती. शेजारी पेपर पडला होता. सरकारचं कर्ज माणशी किती येतं ते पहिल्याच पानावर चौकटीत दिलं होतं. घरातल्या सात माणसांचं किती, ते आण्णांनी सकाळीच गुणून ठेवलं होतं. तीस वर्षं कोषागारात कारकुनी केलेला माणूस. दुसऱ्याचं कर्जही अंगावर घेतल्याशिवाय त्यांना करमत नसे.

बिल्ल्यांची रीत तशी साधी. तालमीचं काम करावं आणि बिल्ला घ्यावा. भांडी घासा, कुस्तीच्या हौद्यातली माती चाळा, नाहीतर महाप्रसादाचे तांदूळ निवडा. घरात कार्य निघालं की एका बिल्ल्याला तालमीचं एक मोठं पातेलं न्यावं. बिल्ला परत डब्यात. आण्णा त्या डब्याचे खजिनदार. आज त्यांनी ठराव लिहून आणला होता : डबा पुन्हा शंभरांनी भरेपर्यंत कुणाला नवा बिल्ला नाही, आणि पातेल्याला एकाऐवजी दोन बिल्ले. त्याखाली स्वतःचा राजीनामाही जोडला होता. अक्षर सुरेख आलं होतं.

गल्लीतल्या इमामबी शेवटचं पातेलं घासून आत घेऊन आल्या. चिंचेनं ते असं उजळलं होतं की आण्णांना त्यात आपलं तोंड दिसलं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं.

"द्या बिल्ला," इमामबी म्हणाल्या. "पाच हायत, ह्यो सहावा. रविवारी आमच्या नाजियाचा निकाह. सा पातेली लागत्यात."

"आजपासनं बंद," आण्णा म्हणाले. "तालीम बुडाली, इमामबी. एकसष्ट बिल्ल्यांनी."

इमामबींनी पातेलं खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले. रविवार चार दिवसांवर आला होता.

"बुडाली म्हंजे? कुणाचं देणं लागतीया?"

"एकसष्ट बिल्ले बाहेर हायत की."

"व्हय, त्यातलं पाच माझ्यापाशी हायत. चोरलं न्हाईत, घासून मिळवल्यात. आन् एकोणीस तर तुमच्याच घरात हायत."

"एकोणीस?"

"चिमणाबाईंच्या डाळीच्या डब्यात. तुमच्या नातवाच्या, राजवीरच्या लग्नाला म्हणून साठवल्यात. दोन वर्सं तांदूळ निवडाय माझ्या शेजारीच बसत्यात की."

आण्णांनी दारातून समोर पाहिलं. त्यांना एकोणीस बिल्ल्यांनी बुडवणारी बाई नातवाचा शर्ट दोरीवर वाळत घालत होती.

"तुमच्या डब्यातनं गेलं, ते आमच्या डब्यात आलं," इमामबी म्हणाल्या. "मदी काय पंचगंगेला व्हाऊन गेलं न्हाई."

"खरं, पण समदी गल्ली एकाच दिवशी बिल्ले घिऊन दारात आली तर?"

"तर पातेली कमी पडतील. बिल्लं कशानं कमी पडत्यात? ते तर तुमीच पाडून आणताय."

आण्णांनी सतरंजीवरचे बिल्ले पुन्हा डब्यात भरले. कोषागारात त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनीही कुणाला विचारला नव्हता. त्यांनी उठून मागच्या खोलीत डोकावलं. पातेली बावीस. बावीसच्या बावीस शाबूत, उपडी घालून ओळीनं मांडलेली.

"मागल्या साली दोन महिनं तुमी बिल्लं दिलं न्हाईत," मागून इमामबींचा आवाज आला. "डबा भरला व्हय?"

"जरा भरला."

"आन् पातेली?"

पातेली हिरवी पडली होती. फुकट घासायला कुणी फिरकलं नव्हतं. विजयसिंहाच्या पोराच्या बारशाची बासुंदी त्यातच नासली होती, आणि विजयसिंह अजून आण्णांना बघून रस्ता बदलत होता.

सकाळपासून आण्णांच्या छातीवर एक पैलवान बसला होता. तो उठला, अंगाची माती झटकली आणि निघून गेला. आण्णांनी ठराव फाडला. राजीनामा मात्र घडी करून खिशात ठेवला. अक्षर खरोखरच सुरेख होतं.

मग त्यांनी पेपरातल्या चौकटीवर बोट ठेवलं. "आन् ह्ये सरकारचं येवढं मोठं कर्ज? ह्ये कुणाच्या डब्यात असंल?"

इमामबींनी वाकून आकडा पाहिला. शून्यं मोजायच्या नादाला त्या लागल्या नाहीत.

"माझ्या तर न्हाई. डाळीच्या डब्यात मावायचंबी न्हाई ते. कुणाचा डबा येवढा थोरला हाय, ते बघा की."

बाहेर चपलांची करकर वाजली आणि तालमीचे अध्यक्ष अमरसिंह आत आले. मागोमाग गल्लीतली दहा-बारा माणसं सतरंजीच्या कडेनं बसली.

"बोला खजिनदार," अमरसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. "औंदा तोटा किती?"

आण्णांनी डब्यातून एक बिल्ला उचलला आणि इमामबींच्या ओल्या तळव्यावर ठेवला.

"बासष्ट," ते म्हणाले, आणि साय बाजूला सारून त्यांनी गार चहा बशीत ओतला.