अष्टमीची उघाडी

“आज आठम हाय, बाय. आठमीला उघाडी बंद करत नाय,” काळुराम म्हणाला आणि त्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या लेखी विषय संपला होता.

ऋजुताच्या लेखी तो आत्ता सुरू होत होता. ठाण्याच्या आपत्ती कक्षातून ती डोंबिवलीच्या खाडीकाठी आली होती, गुडघाभर चिखल तुडवत, टॅबलेट छातीशी धरून. पावसाचा तिसरा दिवस. समोर खाडीचं पाणी अडवणारा खारबांध, बांधाच्या पोटात उघाडी, म्हणजे गावातलं पाणी खाडीत सोडायचं दार, आणि दाराशी हा बहात्तर वर्षांचा हट्टी म्हातारा. उघाडी सांभाळायचा मान त्याच्या घरात तीन पिढ्या होता. तरुणपण मिठागरात गेलेलं. खाडीची नस न् नस त्याला ठाऊक होती, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

गावचा नियम साधा होता. अमावास्या-पुनवेला उधाण, तेव्हा फळ्या टाकून उघाडी बंद. अष्टमीला भांग, भरतीत जोर नाही, तेव्हा उघाडी मोकळी. या नियमावर दीडशे घरं आजवर कोरडी राहिली होती. आज फळ्या टाकल्या आणि खाडी चढलीच नाही, तर पावसाचं पाणी आतल्या आत तुंबून उगाच घरांत शिरणार. टाकल्या नाहीत आणि खाडी चढली, तर गावच पाण्याखाली. त्यात चढत्या पाण्यात फळी बसत नाही. म्हणजे काय ते आत्ताच ठरवायला हवं होतं.

“एवढे ढग हायत. तुमच्या त्या उपग्रहाला वरनं काय दिसला?”

“तो उजेडाने बघत नाही, काका. लहरी सोडतो. त्या ढगांतून आरपार येतात आणि जमिनीवर आपटून परत जातात. पाणी असेल तिथे चित्र काळं येतं.” तिने काच ओढणीने पुसली आणि टॅबलेट त्याच्यापुढे धरला. “हे आज सकाळी सहाचं. हे मोहने, तुमच्या वरच्या अंगाला. नदी पात्र सोडून पार इथपर्यंत शिरलीय.” तिचं बोट एका काळ्या डागावर टेकलं होतं. ते तिथून उचलायचं ती विसरली. पोर गारठली, काळुरामला वाटलं. “तेच पाणी दुपारी तीनपर्यंत तुमच्या बांधाशी असेल.”

काळुराम हसला. “उंटावरनं शेळ्या हाकायची कामा ही. चुकलीस तं आमची घरा बुडतील. तुजा काय जाते?”

बोलणं लागेल असंच होतं. ऋजुता काही बोलणार तोच फोन वाजला. “हां आई, वर पोचलात ना दोघं? बाबांच्या गोळ्या घेतल्यास? बरं, मग नंतर बोलते.” तिने फोन खिशात टाकला. आवाज जराही न चढवता म्हणाली, “तुमची अष्टमी बरोबर आहे, काका. समुद्र आज येणारच नाहीये. पण अष्टमी समुद्राचं सांगते, नदीचं नाही. हे पाणी मागून येतंय.”

काळुराम बांधाच्या पायऱ्या उतरून खाली गेला, खाडीत हात बुडवला आणि ओली बोटं तोंडात घातली.

“बाबा! केमिकलचं पाणी आहे ते!” त्याचा मुलगा कमलेश बांधावरून ओरडला.

काळुरामने लक्ष दिलं नाही. मिठागरात नुसत्या थेंबावरून पाण्याचा खारेपणा सांगणारी ती जीभ होती. भरती लागून तास झाला होता. पाणी खारट लागायला हवं होतं. ते विहिरीसारखं गोडं होतं, आणि दातांत लाल माती कचकचत होती. भरतीची खाडी इतकी गोडी त्याने जन्मात चाखली नव्हती.

तो थुंकला आणि वर बघून ओरडला, “कमल्या, पोरांना बोलव. फळ्या टाका!”

तीन पिढ्यांत पहिल्यांदा अष्टमीला उघाडी बंद झाली. दोन-चार म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. अडीचला पाणी आलं. लाल, गढूळ, झाडं आणि कुणाचा तरी फ्रिज वाहून आणणारं. बघता बघता बांधाला भिडलं आणि माथ्याच्या दोन विती खाली येऊन थांबलं. आत पावसाचं पाणी पायऱ्यांपर्यंत आलं, पण दीडशे घरांतल्या एकाचाही उंबरा ओलांडला नाही. आकाशातून बघणाऱ्याचं कौतुक करावं तेवढं थोडं, आणि ऐकून घेणाऱ्या म्हाताऱ्याचंही.

पाचच्या सुमाराला खाडी उतरू लागली. काळुरामची बायको लक्ष्मी चहा घेऊन बांधावर आली. सकाळपासून पोरीच्या पोटात काही नाही, हे फक्त तिच्याच लक्षात आलं होतं. काळुरामने टॅबलेट मागून घेतला आणि नातवाचा फोटो बघावा तसा बघत बसला. गाव सापडलं. बांधाची उजळ रेघ सापडली. एवढ्या उंचावरून आपला बांध दिसतो, याचा त्याला भारीच अभिमान वाटला.

“आता तुजा घर दाव,” तो खुशीत म्हणाला. “उद्याला मी आन् लक्ष्मी येताव तुज्या आईबापाला भेटाला. अशी पोर कंच्या घरातली, बघाया नको?”

ऋजुताने चित्र नदीवरून वर सरकवलं. बोट मोहन्याच्या त्याच काळ्या डागावर टेकवलं.

“सकाळी दाखवलेलं ना, काका.”