तिसऱ्या दिवसाचं गाऱ्हाणं

विश्रामने देवापुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालणाऱ्या घाडीकाकांनी विचारलं, "काय सांगू देवाक?"

ऐन माघात दोन दिवस ऊन पेटलं आणि विश्रामच्या बागेतल्या निम्म्या कैऱ्या गळल्या. विमा मिळायला मात्र पारा सलग तीन दिवस चढलेला लागतो. उद्या ऊन उतरलं तर विमा गेला, नाही उतरलं तर उरलेल्या कैऱ्याही.

"गारवो मागा," तो म्हणाला. मग घाईने, "नको, थांबा. आजून एक दिस तापांदे..."

काकांचीही बाग होती. त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्येका काय व्हया ता ह्येका कळना नाय. माका पण कळना नाय. तुका कळला तर तसा कर."

"व्हय म्हाराजा," विश्राम मनापासून म्हणाला.